साहेबाचा कान

कुवेतला जाऊन आलो म्हटलं की मिरजेतले लोक आधी सोन्याचं विचारतात, मग खजूर आणले का ते विचारतात. मी तिथे काय बघायला गेलो होतो, हे अजून कुणी विचारलेलं नाही. म्हणून न विचारता सांगतो. मी एक फोटो बघायला गेलो होतो.

चाळीस वर्षं माझा धंदा फोटो रिटच करण्याचा. निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून मी मिरज-सांगलीतल्या हजारो लोकांचे वांग, पुटकुळ्या आणि देवीचे व्रण काढले. लग्नाच्या फोटोत नवरदेवाचं नाक सरळ केलं, वधूच्या आईचा थकवा पुसला. मग कॉम्प्युटर आला आणि ही कामं सगळ्यांनाच यायला लागली. मी स्टुडिओ बंद केला आणि हातात वेळ आला म्हणून एका साहेबावर पुस्तक लिहायला घेतलं.

हा साहेब म्हणजे मूकपटांच्या काळात इंग्लंडहून कोल्हापुरात आलेला एक सिनेमा दिग्दर्शक. नाव सांगून उपयोग नाही, त्याच्या देशातही आता कुणी त्याला ओळखत नाही. कोल्हापुरात त्याने एक पौराणिक चित्रपट केला. चित्रपट मुका होता, त्यामुळे दिग्दर्शकाला मराठी येत नाही याने कुणाचं अडलं नाही. पुढे तो चित्रपट जळाला आणि साहेब परत गेला. मागे राहिली थोडी पत्रं आणि शूटिंगच्या जागी काढलेले चार ग्रुप फोटो. या चारही फोटोंत साहेब कॅमेऱ्याकडे पाठ करून नटांना काहीतरी समजावतो आहे. आठ वर्षांच्या शोधात साहेबाचा मला नीट माहीत झालेला एकमेव अवयव म्हणजे त्याचा डावा कान. त्याच्या वरच्या कडेचा एक तुकडा गेलेला होता, कुणी दाताने तोडावा तसा.

पुस्तक छापायला तयार झालं. प्रकाशक म्हणाले, "मुखपृष्ठावर माणसाचा चेहरा पाहिजे. पाठीचं पुस्तक कोण घेणार?" ते दिवाळीपर्यंत थांबायला तयार होते, त्यापुढे नाही.

माझा पुतण्या अनिकेत कुवेतला एका कंपनीत अकाउंटंट आहे. त्याने माझी अडचण तिथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकली. दुसऱ्याच दिवशी वैशाली नावाच्या बाईंचा निरोप आला. 'माझ्या आईचे आजोबा कोल्हापूरच्या सिनेमात चेहरे रंगवायचे. आमच्याकडे त्यांच्या साहेबांचा फोटो आहे.' सोबत तो फोटोही पाठवला होता. हॅट दिसत होती, कोट दिसत होता आणि चेहऱ्याच्या जागी काचेवर ट्यूबलाइट दिसत होती. परत काढून पाठवा म्हटलं, तर या वेळी ट्यूबलाइट बंद होती आणि काचेत वैशालीबाईच दिसत होत्या. मी तिकीट काढलं.

रिग्गई

विमानप्रवासात काही झालं नाही. सामान तपासताना माझ्या खिशातलं भिंग बाहेर निघालं, ते अधिकाऱ्याने डोळ्याला लावून आपल्या सहकाऱ्याचा अंगठा बघितला आणि परत दिलं.

अनिकेत रिग्गईत राहतो. तिथल्या इमारती सगळ्या वाळूच्या रंगाच्या आणि खिडक्या बंद असतात. आपल्याकडे शेजारी काय शिजतंय ते जिन्यात कळतं, इथे ते लिफ्टमध्ये कळतं. खालच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, पाव हवा असेल तर वरून फोन करायचा. सकाळी मी स्वतः चालत गेलो तर दुकानदाराने काळजीने विचारलं, "लिफ्ट खराब है क्या?"

वैशालीचं घर दोन गल्ल्या पलीकडे. ती एका दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिचे यजमान कामानिमित्त महिनाभर बाहेर होते. घरात ती, तिची आठवीतली मुलगी रिया आणि तिची आई. आईला सगळे अक्का म्हणतात. अक्का ऐंशीच्या घरातल्या. कोल्हापूरचं घर बंद करून तीन वर्षांपूर्वी लेकीकडे आल्या आहेत. नऊवारी, वर लोकरीचा स्वेटर. बाहेर अंग भाजणारं ऊन होतं, पण अक्कांचा संबंध एसीशी होता.

"या भाऊ. मिरजंहून आलासा व्हय? आमचा साहेब बघाय?"

मी त्यांच्या कानांकडे बघितलं. माझी ही सवय आहे. चेहऱ्यावरचं सगळं आम्ही बदलतो, पण कानाच्या नादी कुणी लागत नाही, म्हणून ओळख पटवायची तर कान बघावा. अक्कांच्या कानाला पाळीच नव्हती. कान सरळ उतरून गालाला चिकटला होता आणि कुडी अगदी कडेला कशीबशी टोचली होती.

साहेबाचा फोटो पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दाराशेजारी लावला होता. आठ वर्षं ज्याच्या पाठीशी बोललो तो आता तोंड दाखवणार होता. भिंग काढलं आणि फोटोला नाक लावलं. हॅट, कोट, गळ्यात टाय, नजर थोडी बावरलेली. डावा कान समोरच होता.

कान अख्खा होता. वरची कड शाबूत. खाली पाळी नाही, गालाला चिकटलेला.

माझा साहेब हा नव्हता. एवढ्या लांब येऊन मी भलत्याच माणसाच्या कानात बघत होतो. अक्का मागून म्हणाल्या, "बसा, च्या घ्या." मी बसलो आणि चहा घेतला. दुसरं काय करणार?

बसलो तिथे समोर देव्हारा होता आणि देव्हाऱ्याच्या वर दुसरा फोटो. कोल्हापुरी फेटा, भरदार मिशी, चंदनाचा हार, कपाळावर गंध.

"ह्ये माझं आजोबा, गणपतराव," अक्का म्हणाल्या. "माझा बा दोन वर्साचा हुता तवा ग्येले. बानं काय त्यांचं त्वांड बघितल्यालं आठवत न्हवतं. घरातली जुनी मानसं ग्येल्यावर पेटीत दोन फोटू निघाले. टोपीवाला सायेब आन् फेटेवाला आपला, त्यात इच्यारायचं काय? मी एकलीच लेक, म्हून फोटू माझ्याकडं आलं."

"आजोबांचे डोळे घारे होते," वैशाली म्हणाली. "आमच्यात नंतर कुणाचेच नाही झाले. रिया झाली तेव्हा आईने आधी डोळे उघडून बघितले."

"And she was disappointed," रिया मोबाइलमधून मान न काढता म्हणाली.

हा फोटो अक्कांनी सामानात न घालता मांडीवर धरून कुवेतला आणला होता. विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने तो बघून विचारलं होतं, "इंग्लिश?" वैशालीला त्याचा अजून राग होता.

अक्का उठल्या आणि हार सारून पदराने काच पुसू लागल्या. हाराखाली आजोबांचा डावा कान होता. त्याच्या वरच्या कडेचा तुकडा गेलेला होता.

माझा चहा स्वेटरवर सांडला. एसीमुळे मीही स्वेटर घातला होता.

दस्मान

वैशालीचा दवाखाना दस्मानला, समुद्राजवळ. दुसऱ्या दिवशी तिने मला तिथे गाडीतून सोडलं आणि म्हणाली, "काका, समुद्रावर फिरा, चारला मी सुटते." मी गाडीबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. पुसला तर पुन्हा धरली. कुवेतचा समुद्र सुंदर आहे असं म्हणतात. मी त्याच्या कडेने तासभर चाललो आणि मला तो पांढरा दिसला.

चालताना विचार करायला मोकळीक होती. झालं कसं असेल, हे मला कळायला लागलं होतं. त्या काळची फिल्म तांबडा रंग काळा दाखवायची आणि निळा पांढरा. गालाला लाली लावली की पडद्यावर माणूस बुक्की खाल्ल्यासारखा दिसे. म्हणून शूटिंगच्या आधी रंग लावून साधा फोटो काढून बघत. रंग लावणाऱ्या माणसाशी साहेबाचं पटत नसे, तसं पत्रात आहे. तेव्हा रंग कसा दिसतो ते एकदा स्वतः बघायच्या हट्टाने साहेबच फेटा-मिशी लावून रंगवून घ्यायला बसला असणार. निळे डोळे त्या फिल्मवर घारे दिसले असणार.

आणि हॅटमधला माणूस कोण, हेही त्याच्या कानावरून मला दिसत होतं. पण कानावरून बोलायला मी काही डॉक्टर नव्हे. फोटोची पाठ बघायला हवी होती.

एक गोष्ट कबूल करतो. त्या समुद्रावर मला अक्कांची काळजी आधी वाटली नाही. मला आधी मुखपृष्ठ दिसलं. फेट्यातला साहेब, चेहरा लख्ख, एक सुरकुती धूसर नाही. तो फोटो मला पाहिजे होता, आणि तो मिळवायचा तर एका म्हाताऱ्या बाईला सांगावं लागणार होतं की तुम्ही ज्याला गंध लावता तो तुमचा कुणी नाही.

परतताना मी वैशालीला म्हणालो, की फोटो फ्रेममधून काढून पाठीमागे बघायचे आहेत. तिने घरी विचारलं. अक्का म्हणाल्या, "सायबाचा न्या. आमचा न्हाई उघडायचा. आनि चार दिसांवर त्यांची तिथ हाय."

पितृपंधरवडा चालू होता. तिकीट काढताना ते माझ्या ध्यानातही नव्हतं.

राई

शुक्रवारी सुट्टी. वैशाली मला राई नावाच्या भागात घेऊन गेली. तिथे एका बाजूला गाड्यांची शोरूम, एका बाजूला गोदामं आणि मधल्या गल्लीत गॅरेज. त्यात एक फ्रेमवाला. हैदराबादचा, नाव यूसुफभाई. दुकानात कुवेतच्या जुन्या जहाजांची चित्रं, कुणाकुणाच्या पदव्या आणि काबाचा मोठा फोटो. आमच्याकडच्या फ्रेमवाल्याकडे असतात त्याच गोष्टी, फक्त देव वेगळे.

यूसुफभाईंनी पाठीमागचे खिळे एक एक करून काढले, पुठ्ठा सोडवला, ओल्या कापडाने चिकटपट्टी मऊ केली. काम बघून मला बरं वाटलं. असा हात आता कमी दिसतो. "चचा," ते मला म्हणाले, "पीछे कुछ लिखा है. आपकी जबान में है."

पेन्सिलने, जुन्या वळणाच्या बाळबोध अक्षरात लिहिलं होतं:

'गणपत. टोपी साहेबांची. रंग नाही. उजेड बघणेसाठी.'

मी वाचलं. मग वैशालीने वाचलं. मग तिने फोटो सुलटा केला आणि त्या हॅटवाल्या, बावरलेल्या माणसाकडे बघत राहिली. मी तिला कानाबद्दल सांगितलं. देव्हाऱ्यावरच्या फोटोतला आणि या फोटोतला, दोन्ही. तिचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला. तिलाही पाळी नव्हती.

"बाथरूमशेजारी," ती म्हणाली. "आम्ही यांना बाथरूमशेजारी लावलंय, काका."

यूसुफभाईंनी सहज विचारलं, "ये आपके कौन हैं?"

वैशालीने हॅटवाल्याकडे पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाली, "मेरी मम्मी के दादा."

"माशाल्ला. सूट अच्छा है."

गाडीत बसल्यावर तिने एसी लावला, पण गाडी सुरू केली नाही. "आईला नको सांगायला. प्लीज. तिचं बीपी आधीच बॉर्डरवर आहे. कोल्हापूर सुटलं, माणसं सुटली, आता तिच्याजवळ तेवढा तो फोटो आहे. आणि तो तिचा नाही हे मी कोणत्या तोंडाने सांगू?"

"नाही सांगत," मी म्हणालो.

"तुमच्या पुस्तकाचं?"

"कान छापू."

ती हसली आणि मग रडली. मला मात्र राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. साहेब मेला होता, गणपत मेला होता, आणि कस्टमचा तो अधिकारी कुठे ड्यूटीवर असेल कोण जाणे. त्याला एका नजरेत कळलं होतं.

पुन्हा रिग्गई

तिथीच्या दिवशी मला जेवायला बोलावलं होतं. वैशालीने रजा घेतली होती. केळीची पानं केरळी दुकानातून आली होती आणि अळू बांगलादेशी भाजीवाल्याकडून. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, अळूचं फतफतं, आमसुलाची चटणी, शिवाय अक्कांनी स्वतः वाटलेला मिरचीचा ठेचा. "आजोबास्नी तिखाट लागायचं," त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. साहेबाने घरी लिहिलेल्या पत्रांत जेवणाबद्दल एकच वाक्य आहे. इथल्या मिरचीने जीव जाईल असं त्याचं म्हणणं होतं. त्याला दोन पिढ्या ठेचा वाढत आल्या होत्या.

कावळ्याचा प्रश्न अक्कांनी आल्या वर्षीच सोडवला होता. रिग्गईत कावळा भेटत नाही. मग पान पार्किंगच्या शेडवर ठेवायचं आणि साळुंक्या येतात त्या चालवून घ्यायच्या. इमारतीचा इजिप्शियन रखवालदार, त्याला तिथे हारिस म्हणतात, शिडी धरतो. पाखरांना खायला घालणं त्याच्याही लेखी पुण्याचं काम आहे. पहिल्या वर्षी त्याने "कुणासाठी?" म्हणून विचारलं, वैशालीने आजोबांसाठी असं सांगितलं आणि तेव्हापासून तो अल्लाकडे आजोबांसाठी मागणं मागतो. अल्लाकडे पोचलेलं हे मागणं कोणाच्या खात्यावर गेलं असेल, याचा मी विचार केला आणि सोडून दिला.

फोटोपुढे पाट, पाटावर पान. अक्कांनी काचेवर गंध लावलं, उदबत्ती फिरवली, पाणी सोडलं. मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तुमी फोटूतलं जाणकार. येक इच्यारू?"

"विचारा की."

"माझा बा म्हणायचा, आपलं कान गणपतरावाचं. माझ्या चुलत आजीनं त्याला सांगितल्यालं. ह्या फोटूत मला ते काय दिसत न्हाई, आता डोळं बी ग्येले. तुमी बघून सांगा. माझं कान त्यांच्यावर ग्येलेत का?" आणि त्यांनी पदर मागे सारून कान माझ्यापुढे केला.

वैशाली स्वयंपाकघराच्या दारात थांबली. तिच्या हातात वड्यांचं ताट होतं.

हो म्हणायला मला काहीच कष्ट नव्हते. चाळीस वर्षं मी लोकांना त्यांच्या मनासारखे चेहरे दिले, त्याचंच कौतुक झालं. पण त्या म्हातारीने कान पुढे केला होता, आणि कानाला मी कधी पेन्सिल लावलेली नव्हती.

"गेलेत," मी म्हणालो. "अगदी हुबेहूब गेलेत. पण गणपतराव हे नव्हेत, अक्का. गणपतराव पॅसेजमध्ये आहेत."

मग सगळं सांगितलं. तांबडा रंग, काळी फिल्म, साहेबाचा हट्ट, गणपतरावांच्या डोक्यावर ठेवलेली साहेबाची हॅट. त्या फोटोच्या पाठीवरचा मजकूर सांगितला. वैशाली खाली बघत होती. रियाने मोबाइल बाजूला ठेवला होता, हे मी त्या घरात पहिल्यांदा बघितलं.

अक्का उठल्या, भिंत धरत पॅसेजमध्ये गेल्या आणि हॅटवाला फोटो उतरवून खिडकीशी घेऊन आल्या. डोळ्यांजवळ धरला. बोटाने तो कान चाचपला, मग स्वतःचा. बराच वेळ एकदा हा, एकदा तो.

"म्हंजे," त्या म्हणाल्या, "माझा आजा येवडी वरसं उपाशी हाय?"

मला वाटलं, आपण गप्प बसायला हवं होतं.

"आई, बस. पाणी घे. मी तो वरचा फोटो काढते," वैशाली म्हणाली आणि पुढे झाली.

"हात लावू नगंस!" अक्का एवढ्या मोठ्यांदा ओरडल्या की वैशाली जागीच थांबली. "पान वाडलंय त्याच्याम्होरं. वाडल्या पानावनं मानूस उठवत्यात व्हय गं? ह्ये शिकिवलं तुला?"

"पण आई, तो आपला..."

"नसंल आपला. जेवाय बसलाय न्हवं? दुसरं पान घ्ये."

दुसरं पान घेतलं. दुसरा पाट नव्हता, म्हणून रियाचं चौरंगासारखं छोटं टेबल आलं. त्यावर गणपतराव साहेबाची हॅट घालून बसले. अक्कांनी चंदनाचा हार साहेबाच्या फोटोवरून उतरवला आणि गणपतरावांना घातला. गंध लावलं. वाढताना खीर दुप्पट वाढली, वडे दुप्पट वाढले आणि दर वेळी काहीतरी पुटपुटत होत्या. मला एवढंच ऐकू आलं, "जेव बाबा. चुकलं."

ठेचा मात्र त्यांनी साहेबाच्या पानावरून काढून घेतला. तिखटाचं मी सांगितलं होतं.

दुपारी हारिसने शिडी लावली. दोन पानं बघून त्याने वैशालीला अरबीत काहीतरी विचारलं. "यंदा दोन आजोबा का, म्हणतोय," तिने अक्कांना सांगितलं.

"त्याला सांग," अक्का म्हणाल्या, "येक घरचा, येक पाव्हना."

निघायच्या आदल्या दिवशी अक्कांनी मला बोलावून साहेबाचा फोटो हातात दिला. "उगडा. काय काडायचं ते काडा आन् परत जाग्यावर लावा. त्यो बी ऱ्हाऊ दे वर." मी फ्रेम उघडली, काच बाजूला केली. फोटोवर कपाळाच्या मध्यभागी फिकट तपकिरी डाग होता. फोटो फ्रेम व्हायच्या आधी, अक्कांच्या वडिलांनी कोऱ्या फोटोवरच गंध लावलं होतं म्हणे, ते कागदात मुरलं होतं. मी त्याची कॉपी केली, फ्रेम पुन्हा बंद केली आणि फोटो देव्हाऱ्यावर लावला. शेजारी गणपतराव आता कायमचे आले होते. पॅसेजमधला खिळा तसाच आहे.

मिरजेला आल्यावर आठवड्याभरात प्रकाशकांचा फोन आला. फोटोवर ते खूश होते. दिग्दर्शक कोल्हापूरच्या मातीशी किती समरस झाला होता, असं ते पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापणार होते. मी ते काढायला लावलं. शेवटी म्हणाले, "कपाळावर एक डाग आहे हो. तुम्हीच काढून द्या ना, तुम्हाला दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटंही लागली नसती. लोकांच्या कपाळावरचे डाग काढूनच मी पोट भरलं.

"राहू द्या तो," मी म्हणालो. "जेवायला बसायच्या आधी लावलेला आहे."